ब्रॉडवेवरचा हमाल : हेन्री जॉन्सन

नमस्कार मंडळी.

माझे आजोबा मनमाड स्टेशनवर हमाल होते. हे मी आज पहिल्यांदाच चारचौघांत बोलते आहे. लहानपणी कुणी विचारलं की घरात ठरलेलं उत्तर असायचं, ‘रेल्वेत होते.’ त्यापुढे विषय जायचा नाही. त्या काळी मनमाडला मोठी गाडी सोडून मराठवाड्याकडे जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीत बसावं लागे. माणसं उतरत, आणि त्यांच्या ट्रंका, वळकट्या, पोती आजोबांच्या डोक्यावरून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जात. दंडाला बांधायचा त्यांचा पितळी बिल्ला माझ्याकडे आहे. त्यावरचा आकडा इतका झिजलाय की डोळ्यांना दिसत नाही, अंगठा फिरवला की लागतो.

आज मेमोरियल डेच्या, म्हणजे युद्धात कामी आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, निमित्ताने बोलायला सांगितलंत, तेव्हा मला न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या आल्बनीतलाच एक हमाल आठवला.

ब्रॉडवेवरची ती भव्य दगडी इमारत तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. १९०० साली उघडलेलं हे युनियन स्टेशन. १९६८ मध्ये ते बंद पडलं, म्हणून आपण आता गाडी पकडायला हडसन ओलांडून रेन्सेलरला जातो. या स्टेशनावर हेन्री जॉन्सन सामान उचलायचा. डोक्यावर लाल टोपी, म्हणून या हमालांना ‘रेडकॅप’ म्हणत. पोट भरायचं ते मुख्यतः प्रवासी हातावर ठेवील त्या नाण्यांवर. हेन्री मूळचा नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचा, कृष्णवर्णीय. उंची पाच फूट चार इंच, वजन जेमतेम साठ किलो. एवढ्याशा देहावर लोकांचं ओझं वाहून तो जगत होता.

पहिल्या महायुद्धात, जून १९१७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या पंधराव्या नॅशनल गार्ड रेजिमेंटमध्ये भरती झाला. हीच पुढे ३६९वी इन्फंट्री, ‘हार्लेम हेलफायटर्स’. गोऱ्या सैनिकांच्या शेजारी यांना लढू द्यायची अमेरिकी लष्कराची तयारी नव्हती, म्हणून अख्खी रेजिमेंट फ्रेंचांच्या हवाली केली गेली. फ्रेंचांनी त्यांना आपल्या बंदुका दिल्या, आपली शिरस्त्राणं दिली आणि सरळ आघाडीवर नेलं.

१५ मे १९१८ची पहाट व्हायच्या आधीची गोष्ट. फ्रान्समधल्या आर्गोनच्या जंगलाजवळच्या एका पुढच्या ठाण्यावर हेन्री आणि न्यू जर्सीचा नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर होते. अंधारात ‘कट्, कट्’ असा आवाज येऊ लागला. कुणीतरी काटेरी तारा कापत होतं. वीसएक जर्मनांची तुकडी चालून आली होती. सुरुवातीलाच रॉबर्ट्स जबर जखमी झाला. उठता येईना, तर तो पडल्यापडल्या हातबॉम्ब देत राहिला आणि हेन्री फेकत राहिला. बॉम्ब संपले. फ्रेंच बंदुकीत त्याने घाईत अमेरिकी काडतूस सरकवलं आणि ती अडकली. मग तीच बंदूक उलटी धरून तो दस्त्याने हाणू लागला, दस्ता फुटेपर्यंत. तेवढ्यात त्याला दिसलं की रॉबर्ट्सला उचलून नेताहेत. हेन्रीने कमरेचा बोलो काढला. आपल्या कोयत्यासारखं जड पात्याचं हत्यार असतं ते. त्यानिशी तो धावून गेला आणि मित्राला सोडवून आणलं. जर्मन पळाले. मदत पोचली तेव्हा हेन्रीच्या अंगावर एकवीस जखमा होत्या.

त्याच्या पत्नीला, एडनाला, ही हकिगत रेजिमेंटच्या प्रमुखांच्या, कर्नल हेवर्ड यांच्या, पत्रातून कळली. ते पत्र आल्बनीतल्या एका घरात कुणीतरी मोठ्याने वाचलं असेल. ती खोली कशी असेल याचा मी नेहमी विचार करते.

फ्रान्सने दोघांना ‘क्रॉ द गेर’ दिलं. हे पदक मिळालेल्या पहिल्या अमेरिकी सैनिकांत हे दोघे होते. फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर रेजिमेंटची मिरवणूक निघाली तेव्हा हेन्री उघड्या मोटारीत उभा होता. सरकारने त्याची तसबीर वापरून युद्धनिधीची तिकिटं खपवली, भरती केली. पण सैन्यातून सुटताना मिळालेल्या कागदांवर त्याच्या जखमांचा उल्लेखसुद्धा नव्हता. एका पायात पोलादी पट्टी. अशा पायाने ट्रंका कशा उचलायच्या? सेंट लुइसच्या एका सभेत गोऱ्या सैनिकांकडून काय सोसलं ते तो स्पष्ट बोलला, आणि त्यानंतर त्याला व्याख्यानांना बोलावणं थांबलं. पुढे संसार मोडला. क्षयाने गाठलं. १ जुलै १९२९ रोजी तो गेला, वयाच्या पस्तिशी-चाळिशीच्या आतबाहेर. स्वतःच्या देशाचं एकही शौर्यपदक त्याच्या छातीवर लागलं नव्हतं.

आता त्याच्या कुटुंबाविषयी. मला खरं बोलायचं होतं ते याबद्दल.

हर्मन जॉन्सन हे दुसऱ्या महायुद्धातल्या टस्कीगी एअरमनपैकी, म्हणजे अमेरिकेच्या कृष्णवर्णीय हवाई दलापैकी, एक, पुढे मिसुरीच्या विधानसभेत निवडून गेलेले गृहस्थ. हेन्री आपले वडील, हे ते आयुष्यभर सांगत आले. वडिलांना बेवारशासारखं कुठेतरी पुरलं असावं असं घरच्यांना वाटत होतं. २००२ मध्ये कळलं की ते आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, लष्करी इतमामाने विसावले आहेत. हर्मन त्या थडग्यापाशी उभे राहिले. अमेरिकी लष्कराचं दुसऱ्या क्रमांकाचं शौर्यपदक, ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ही त्यांच्याच हाती दिला गेला. २००४ मध्ये ते वारले. सर्वोच्च पदकासाठी, ‘मेडल ऑफ ऑनर’साठी, त्यांची मुलगी पुढे खेपा घालत राहिली. आल्बनीतले व्हिएतनाम युद्धातले माजी सैनिक दशकानुदशकं जुने कागद धुंडाळत होते. न्यूयॉर्कचे सिनेटर शूमर यांच्या कार्यालयाला पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी फौजांचे सेनापती जनरल पर्शिंग यांचा त्या रात्रीची नोंद असलेला संदेश सापडला आणि सर्वोच्च पदकाची वाट मोकळी झाली.

आणि ऐन वेळी लष्कराच्या वंशावळ तपासात निघालं की हर्मन यांचं हेन्रीशी रक्ताचं नातं नाही.

त्या मुलीचं काय झालं असेल सांगा. ज्याला आजोबा म्हणून वाढलो, ज्याच्यासाठी वर्षं घातली, तो आपला कुणीच नाही, असं एका सरकारी कागदाने कळायचं. २ जून २०१५ला व्हाइट हाउसमध्ये ओबामांनी दोन पदकं दिली. दुसरं पहिल्या महायुद्धातलेच सैनिक विल्यम शेमिन यांचं, ते त्यांच्या लेकींनी घेतलं. हेन्रीचं पदक घ्यायला नातलग म्हणून कुणी सापडलं नाही, ते न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका कमांड सार्जंट मेजरने स्वीकारलं.

तपास खोटा म्हणायचं कारण नाही. पण माझ्या मते हर्मन हेन्रीचे मुलगेच. आपल्याकडे पिंड द्यायला दत्तक घेतात, इथे लेकाने बाप दत्तक घेतला म्हणा. त्याने तो टाकला नाही, लपवला नाही. माझ्या सख्ख्या आजोबांबद्दल मी एवढंही केलं नव्हतं.

लुईझियानातल्या एका लष्करी तळाला २०२३ मध्ये हेन्रीचं नाव दिलं, २०२५ मध्ये काढलं. आल्बनीने मात्र १९९१ पासून त्याच्या नावाचा रस्ता जपला आहे. आपल्यातले कित्येक जण रोज हेन्री जॉन्सन बुलवर्डवरून ऑफिसला जातात. ट्युलिप बघायला आपण ज्या वॉशिंग्टन पार्कात जातो, तिथेच त्याचा अर्धपुतळा आहे.

उद्या सकाळी नऊला मी तिथे जाणार आहे. मुलांना घेऊन या. मी फुलं आणेन, आणि बिल्लाही आणेन. ज्याला आकडा बघायचा असेल त्याने अंगठा फिरवून बघावा.