चिमूटभर मसाल्यातलं लोह

नमस्कार श्रोतेहो, आणि आज खास करून मैत्रिणींनो!

शंभर ग्रॅम जिऱ्यात सुमारे 66 मिलिग्रॅम लोह असतं. हे ऐकलं की वाटतं, जिरं तर रोजच खातो, मग रक्त कमी कसं? पण शंभर ग्रॅम जिरं खातं कोण? एक चमचा म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. त्यातून मिळतं सव्वा-दीड मिलिग्रॅम लोह, आणि तो चमचाही सगळ्या घराच्या भांड्यात पडतो. पाळी येणाऱ्या बाईला दिवसाला लागतं 18 ते 29 मिलिग्रॅम. कुठली शिफारस धरता त्यावर आकडा ठरतो. त्यातून हे वनस्पतीतलं लोह. आतड्यातून रक्तात पोचतं ते त्यातलं थोडंच.

तेव्हा मसाल्यात लोह किती, हा हिशेब मला फारसा कामाचा वाटत नाही. बाकीच्या जेवणातल्या लोहाचं मसाला काय करतो, ते बघायला हवं.

तरुण स्त्रियांवरचा एक छोटासा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. लोह घातलेल्या जेवणात एकदा चारेक ग्रॅम मिरचीपूड मिसळली, एकदा अर्धा ग्रॅम हळद. मिरचीने लोहाचं शोषण 38 टक्क्यांनी घटलं. हळदीने काहीच बिघडलं नाही, आणि गंमत अशी की लोहाला धरून ठेवणारी पॉलिफेनॉल त्या हळदीतच जास्त होती! म्हणजे नुसतं प्रमाण बघून चालत नाही, ती कोणत्या जातीची आहेत यावरही बरंच अवलंबून असतं. आता यावरून कुणी मिरची सोडू नका. ताज्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते लोह शोषायला मदतच करतं. वाळवताना मात्र त्यातलं बरंचसं जातं.

मिरीचं वेगळंच. तिच्यातलं पायपेरिन हे तिखट द्रव्य गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटिनचं शोषण वाढवतं, आणि त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. सोबत थोडं तेल-तूप हवं, एवढंच. कांदा-लसणामुळे धान्यातलं लोह आणि जस्त जास्त मोकळं होतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय.

मला काळजी वाटते ती कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या एका घटकाच्या, गोळ्यांची. एक चमचा हळदीत कर्क्युमिन साधारण शंभर मिलिग्रॅम असतं. एका गोळीत पाचशे, कधी हजारही. कर्क्युमिन लोहाला चिकटतं. लोहाचं शोषण अडवणं ताटातल्या चिमटीला जमत नाही, ते एवढ्या मोठ्या मात्रेला जमू शकतं. सांधेदुखीसाठी म्हणून बाई ही गोळी रोज घेते, शेजारी लोहाची गोळीही चालू असते, आणि ‘हळदच तर आहे’ म्हणून डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. हिमोग्लोबिन हलत नसेल तर कर्क्युमिनची ती बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा, आणि फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करावी का, तेही विचारा.