थांबलं की वय वाढतं

या बाटलीत पाणी आहे आणि लॅपोनाइट नावाची कृत्रिम माती, वजनाने साधारण 3 टक्के. आत्ताच ढवळलंय. बाटली कलंडताच द्रव पाण्यासारखा धावतो.

आता तीच बाटली, काही तासांनंतर, उलटी. थेंबही खाली येत नाही. झाकण घट्ट आहे, तापमान तेच आहे, वरून काहीही घातलेलं नाही.

लॅपोनाइटचा कण म्हणजे एक चकती: व्यास सुमारे 25 नॅनोमीटर, जाडी जेमतेम 1. सपाट बाजूंवर ऋण विद्युतभार. गर्दीत अडकलेल्या माणसासारखी प्रत्येक चकती शेजाऱ्यांच्या वेढ्यात असते. तिने सरकायचं तर आधी शेजाऱ्यांनी सरकायला हवं. त्यामुळे पदार्थ समतोलाला पोचत नाही, पण स्वस्थही बसत नाही. चकत्या चाचपडत अधिक स्थिर जागा शोधतात, आणि जागा जितकी स्थिर तितकं तिथून निघणं अवघड. काचेसारखी आत अडकलेली, पण मऊ अशी ही अवस्था म्हणजे मऊ काच, आणि तिचं वय वाढतं ते असं. फेस, इमल्शन (एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे न विरघळणारे थेंब), लुकण यांनाही हे लागू पडतं; 1997 मध्ये पीटर सोलिच आणि सहकाऱ्यांनी या सगळ्यांना एकाच सैद्धांतिक चौकटीत बसवलं.

हा ऱ्हिऑमीटर, म्हणजे पदार्थ किती ताठ आहे आणि कसा वाहतो हे मोजणारं यंत्र. शंकू आणि तबकडीच्या मधे नमुन्याचा पातळ थर. बघा, आधी शंकू जोरात फिरतोय. हे मोजमाप नव्हे. आतली जुनी रचना मोडली जातेय, पदार्थाला पुन्हा तरुण केलं जातंय. फिरणं थांबलं की घड्याळ सुरू. मग इतके हलके हेलकावे, की जुळू लागलेली रचना मोडू नये. पडद्यावरची रेघ चढतेय: ताठरपणा वाढतोय.

आता दोन नमुने, एक कोवळा, एक मुरलेला. दोघांवर सारखाच ताण. कोवळा वाहत राहतो आणि वाहता वाहता आणखी पातळ होतो. मुरलेला किंचित सरकून थिजतो. म्हणूनच नमुना किती वेळ स्थिर होता हे न सांगता छापलेला दाटपणाचा आकडा आम्हाला अपुरा वाटतो.

तेलाची विहीर खोदताना आत पंपाने सोडतात तो चिखलही पंप थांबल्यावर असाच घट्ट होतो, दगडाचा चुरा तोलून धरतो, आणि पंप पुन्हा सुरू करताना जास्त दाब मागतो.

या शेवटच्या आलेखात वेगवेगळ्या वयांच्या नमुन्यांवर तोच ताण देऊन त्यांचं सरकणं मोजलंय. रेघा विखुरलेल्या आहेत. आता वेळेचा अक्ष प्रत्येक नमुन्याच्या वयाप्रमाणे आखडतो, आणि सगळ्या रेघा एकमेकींवर येऊन बसतात.