खोट्याच्या अंगावर आपला गणवेश

मंडळी, पत्रिकेत ‘माजी सैनिक आणि अपप्रचार : उपाय’ असं छापलंय. उपायांकडं येतोच. पण आधी एका फौजी भावाची हकिगत ऐका, कारण सैन्याच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन दलातून निवृत्त झाल्यावर मी या अभ्यासाला लागलो तो त्याच्यामुळं.

क्रिस्टोफर गोल्डस्मिथ. अमेरिकन सैन्यातून इराकला जाऊन आलेला. पुढं तो ‘व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ या माजी सैनिकांच्या संघटनेत काम करू लागला. २०१७ मध्ये त्याला फेसबुकवर एक पान दिसलं, ‘व्हिएतनाम व्हेट्स ऑफ अमेरिका’. नाव जवळपास तेच, बोधचिन्ह संघटनेचंच, अनुयायी जवळजवळ दोन लाख. आणि संघटनेचा त्या पानाशी काडीचा संबंध नाही! माग काढला तर तो निघाला बल्गेरियात, प्लोवदिव्ह शहरात.

आता हे पान काय करायचं बघा. कॅलिफोर्नियात व्हेनिसला बेपत्ता सैनिकांचं भित्तिस्मारक आहे. त्यावर २०१६ मध्ये कुणीतरी रंग फासला होता. ती जुनी बातमी या पानानं पुढच्या वर्षी ‘थेट प्रक्षेपण’ म्हणून चालवली. तुमच्यापैकी कुणाच्या गावच्या हुतात्मा स्मारकाची अशी बातमी आली, तर तारीख बघायला कोण थांबेल? हात आधी फॉरवर्डवर जाईल. तिथं नेमकं तेच झालं. गोल्डस्मिथनं दोन वर्षं खपून जवळजवळ दोनशे पानांचा अहवाल लिहिला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढं साक्ष दिली.

विश्वासाच्या नावाआडून खोटं खपवायची ही चाल जुनी आहे, बरं का. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं : एड्सचा विषाणू अमेरिकेनं प्रयोगशाळेत बनवला. पत्रामागं सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबी होती. दोन वर्षांनी मॉस्कोच्या साप्ताहिकानं तेच छापलं आणि आधार कुणाचा दिला? भारतीय वृत्तपत्राचा! यावर तासभर बोलता येईल, पण अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत.

तर मुद्द्याचं. खोट्याला विश्वासाचा माणूस लागतो, आणि आपल्या गावात तो माणूस तुम्ही आहात. सुभेदारसाहेबांनी पाठवलंय म्हटलं की पोरं पडताळत नाहीत. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या अफवांवरून, मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षेकरी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्ड पाच ठिकाणांपुरतं आणलं. ते पुरेसं नाही. फौजेत संदेश कुणाकडून आला, केव्हाचा आहे, हे पाहिल्याशिवाय आपण पुढं देत नव्हतो. ग्रुपवरही तेच करा. फौजेच्या नावाचं पान दिसलं तर ते कोण, कुठून चालवतं ते आधी बघा. फेसबुक पुष्कळदा पान चालवणाऱ्यांचा देश दाखवतं. जुना व्हिडिओ सापडला तर ग्रुपवर तारखेसह सांगा, गप्प बसू नका.

आणि एक मागणी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मेळाव्यांत पेन्शन आणि ईसीएचएस या आपल्या आरोग्य योजनेच्या जोडीला अर्धा तास याला द्या. शिकवायला मी येतो, सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात.