राजा गेला, घोडा राहिला

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत ‘मुंबईतील ऐतिहासिक पुतळे व स्मारके’ असा भारदस्त विषय छापलाय, पण मी काही इतिहासाचा तास घेणार नाही. मी तुम्हाला एक रस्ता सांगणार आहे. गेटवे ऑफ इंडिया ते बोरीबंदर, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. रविवारी सकाळी लवकर निघा, तेव्हा फोर्टात गाड्या कमी असतात आणि मान वर करून बघता येतं. गाईडची गरज नाही. पाण्याची बाटली घ्या आणि जमलं तर दुर्बीण घ्या. दुर्बीण कशाला, ते पुढे कळेल.

पुतळा कोणाचा, हे पाटीवर लिहिलेलं असतं. ते वाचून पुढे निघालात तर काहीच हाती लागत नाही. पैसे कोणी दिले, घडवला कोणी, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पुढे त्याचं काय केलं, हे विचारत चला. माझं मत सांगतो. पुतळा बसवणाऱ्याच्या मनात काहीही असो, या शहरात त्याचा अर्थ रस्त्यावरच्या माणसांनी ठरवलाय.

सुरुवात गेटवेपाशी. कमान 1924 साली पूर्ण झाली, पंचम जॉर्ज 1911 मध्ये इथे उतरला त्याची आठवण म्हणून. समोर बागेत शिवाजी महाराज घोड्यावर आहेत. हा पुतळा 26 जानेवारी 1961 ला बसला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. शिल्पकार सदाशिव साठे. या परिसरात त्याआधी पंचम जॉर्जचा पुतळा होता आणि तो घडवला होता गणपतराव म्हात्र्यांनी. ‘मंदिरपथगामिनी’ या गाजलेल्या शिल्पाचे म्हात्रे. त्याच हातांनी न्यायमूर्ती रानड्यांचा पुतळाही घडवला. आपल्याला हे जरा अडचणीचं वाटतं. राजा आणि रानडे एकाच कारखान्यातून बाहेर पडले कसे? पण शिल्पकाराचं पोट कामावर चालतं.

तिथून रीगलच्या चौकात या. मधोमध वेलिंग्टन फाउंटन आहे, 1865 चं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन 1801 आणि 1804 मध्ये मुंबईत येऊन गेला, त्याची ही आठवण. बघायचं तर पलीकडच्या फुटपाथवरून बघा, चौकाच्या मध्ये जायच्या भानगडीत पडू नका. पुढे चला.

आता काळा घोडा. घोडा खरं तर एका स्वाराचा होता. सातव्या एडवर्डचा, तो युवराज होता तेव्हाचा. 1875 च्या नोव्हेंबरात तो मुंबईला आला. पुढे अल्बर्ट ससून यांनी स्वतःच्या पैशाने जोसेफ एडगर बोमकडून पुतळा करून घेतला आणि 1879 मध्ये तो इथे उभा राहिला. इथवरचा हेतू राजनिष्ठेचा. लोकांनी काय केलं? त्यांना स्वारात काडीचा रस नव्हता. ‘काळ्या घोड्यापाशी भेटू’ असं ते म्हणायला लागले आणि भावी सम्राट घोड्याच्या नावाने ओळखला गेला! असा अपमान कोणा क्रांतिकारकालाही सुचला नसता, आणि यात अपमान करायचा कोणाचा इरादाही नव्हता.

1965 मध्ये राजा घोड्यासकट भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. पण इथला पत्ता मात्र काळा घोडाच राहिला. पन्नास-बावन्न वर्षं लोक नसलेल्या घोड्यापाशी एकमेकांना भेटत होते. शेवटी 2017 मध्ये नवा घोडा आणला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला, आणि त्याच्या पाठीवर कोणालाही बसवलं नाही. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला मुंबई कळली असं मी म्हणेन. समोरच डेव्हिड ससून लायब्ररी आहे. दारातून आत डोकावलात तर अल्बर्टचे वडील डेव्हिड ससून संगमरवरात उभे दिसतील, थॉमस वूलनरच्या हातचे.

आता दुर्बीण काढा. ओव्हल मैदानाकडून राजाबाई टॉवर बघा. 1878 चं हे काम. पैसे प्रेमचंद रायचंदांचे, नाव त्यांच्या आईचं, आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा. पण स्कॉट कधी हिंदुस्थानात आलाच नाही. वर कोनाड्यांत माणसं उभी आहेत, एकूण 24, पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींचे नमुने. ती घडवली मुकुंद रामचंद्र नावाच्या आपल्याच एका इंजिनीअरने. घड्याळात किती वाजले हे बघायला लाखो लोकांनी मान वर केली असेल, पण या माणसांकडे किती जणांची नजर गेली? पागोट्याचे पीळ बघा, धोतराच्या निऱ्या बघा, पुढे काढलेला पाय बघा. युरोपात अशा कोनाड्यांत संत असतात. इथे त्या जागी बाजारात दिसणारी माणसं उभी आहेत. अर्थात जातीनिहाय नमुने मांडायची हौस साहेबाचीच, हेही विसरू नका. पण दगडात उतरलेली माणसं नमुन्यासारखी ताठ नाहीत, आणि ते श्रेय मुकुंद रामचंद्रांचं.

ओव्हलच्या दक्षिण टोकाला, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सजवळ, बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला, 1962 चा. सूट, हातात ग्रंथ, उंचावलेला हात. आज गावोगावी दिसणारी बाबासाहेबांची मुद्रा वाघांच्या कामाने रुळवली. पुढे 1967 मध्ये संसदेच्या आवारातला पुतळाही त्यांचाच. इथे थोडा वेळ थांबा. बाकीचे पुतळे शहराने बघितले न बघितले, पण या मुद्रेला देशभर लोकांनी वर्गणी काढून, चौथरे बांधून आपलंसं केलंय.

मग हुतात्मा चौक. एका चौकात दोन स्मारकं आहेत. फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता, 1864 ची. दगड पोर्टलंडचा, आराखडा नॉर्मन शॉचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथचं, आणि मोठी देणगी कर्सेटजी फर्दूनजी पारेखांची. हिची मूळ जागा राणीच्या बागेत ठरली होती. ती इथे आली, किल्ल्याचं चर्चगेट पाडलं त्या जागी. मध्ये कित्येक वर्षं कोणी ना कोणी तिला पांढरा रंग फासत होतं. तो थर उतरवून, दुरुस्ती होऊन 2019 मध्ये ती पुन्हा खुली झाली. चौकाचं काम करताना खाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले होते.

आणि शेजारी शेतकरी नि कामगार, हातात मशाल. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. आपल्या तोंडात 105 हुतात्मे बसलंय; पुढे यादी 106 झाली, मग 107. शिल्प म्हणून बघाल तर फ्लोराच्या कपड्याच्या चुण्या सरस आहेत, हे मी मराठी माणूस असूनही कबूल करतो. पण 1 मे ला पुष्पचक्र कुठे वाहिलं जातं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी टॅक्सीवाल्याला आपण ‘फ्लोरा फाउंटन’च सांगतो. दोन्ही नावं सुखाने नांदतात, म्हणून मला हा चौक आवडतो.

जवळच दादाभाई नौरोजी खुर्चीवर बसलेत. शिल्पकार बाळाजी वसंत तालीम, साल 1925. तालीम हे नाव ओळखीचं वाटतंय? शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती त्यांचीच, 1954 ची. एका शिल्पाला हार पडतात आणि रांगा लागतात, दुसऱ्याच्या पायाशी कबुतरं बसतात. कारागीर मात्र एकच.

इथेच हाकेच्या अंतरावर राणी व्हिक्टोरिया सिंहासनावर बसलेली असायची. संगमरवर, मॅथ्यू नोबलचं काम, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची भेट, 1872. ऑक्टोबर 1896 मध्ये चापेकर बंधूंनी एका रात्री तिला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या हकिगतीत याची कबुली आहे. डांबर संगमरवरात मुरलं, जाता जाईना. शेवटी रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी डाग काढला. म्हणजे पैसे मराठी राजाचे, डांबर मराठी पोरांचं, आणि सफाई गुजराती प्राध्यापकाची. इंग्रज या गोष्टीत फक्त रागवायला आहेत.

चर्चगेटच्या रस्त्याने पूर्वेला आलात की सेंट थॉमस कॅथीड्रल. 1718 चं. आत जोनाथन डंकन या गव्हर्नरचं स्मारक शोधा, शिल्पकार धाकटा जॉन बेकन. दोन तान्ह्या मुलांच्या हातात एक पट्टी आहे, तिच्यावर बनारस आणि काठियावाडात बालहत्या बंद झाल्याचं लिहिलंय. तिथे मारल्या जात होत्या त्या मुली. लंडनच्या शिल्पकाराने काठियावाड कधी बघितला नव्हता. ती बाळं युरोपातल्या देवदूतांसारखी गुबगुबीत आहेत. तरीही तो चिमुकला हात आणि त्यातली पट्टी बघताना मी दर वेळी थबकतो.

बाहेर पडून हॉर्निमन सर्कल. इथल्या हिरवळीवर, मुंबई ग्रीनवर, लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा होता, घुमटीत बसवलेला. घुमटी दिसली, आत मूर्ती दिसली. लोकांनी हार-फुलं वाहायला सुरुवात केली. जागेला नाव पडलं ‘छोटं देऊळ’. साहेब समजूत घालून थकले, लोक काही ऐकेनात. मला यात अडाणीपणा दिसत नाही. घुमटीतल्या मूर्तीचं काय करायचं असतं, हे त्यांना साहेबापेक्षा चांगलं माहीत होतं.

शेवटचा टप्पा बोरीबंदर. महापालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशहा मेहता उभे आहेत. समोर स्टेशनच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. घुमटावर मशाल घेतलेली प्रगती. दर्शनी भागात घड्याळाखाली एक कोनाडा रिकामा आहे. तिथेही राणी होती.

रस्त्यावरून हटवलेली मंडळी बघायची असतील तर लोकल पकडून भायखळ्याला उतरा. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात व्हिक्टोरिया, कॉर्नवॉलिस, वेलस्ली आहेत, मोडतोड झालेले. 1965 च्या सुमारास लोकांनी त्यांच्यावर हात चालवला, ती ही मोडतोड. एडवर्ड बागेत, अजून त्याच घोड्यावर. बागेचं नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालंय आणि सगळे राणीची बागच म्हणतात. फक्त बुधवारी जाऊ नका. बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.