घरचा मका कोंबड्यांना घालताय? आधी मिठाची बाटली हलवा

नमस्कार मंडळी! खुराड्याच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या. "ताई, दाणा विकत आणण्यापेक्षा घरीच पिकवला तर?" पिकवा की! पण आधी हिशेब.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांना वर्षाला झाले 400 किलो. आणि 100 चौरस मीटरात मका निघतो साधारण 30 किलो, सगळं जमून आलं तर 50. त्यात मक्यात प्रथिनं 8-9 टक्के, तिला लागतात 16 ते 18. म्हणजे घरचा दाणा हा संध्याकाळचा मूठभर खाऊ, पूर्ण जेवण नाही. "आजीच्या कोंबड्या नुसत्या दाण्यावर जगायच्या" असं लिहिणाऱ्यांनो, त्या दिवसभर उकिरडा उकरून किडे खायच्या, ते कोण मोजणार?

पेरणीचं पटकन. मका एका लांबलचक ओळीत नको, चौकोनात लावा. परागकण वाऱ्यावर उडतात, एकट्या ओळीत कणसं विरळ भरतात. ज्वारी लावलीत तर पाखरांसाठी जाळी हवी, आणि कोवळी रोपं कोंबड्यांना खुडू देऊ नका, त्यात विष असतं. झालं.

आता खरी गोम. वाळवणं.

पहिल्या वर्षी मी कणसं चार दिवस उन्हात टाकली. दाणे पिवळेधमक, टणक. सोलले, प्लास्टिकच्या पिंपात भरले, झाकण घट्ट. तीन आठवड्यांनी हात घातला तर आत गरम! वरचे दाणे सुंदर, खाली हिरवट बुरशी आणि कुबट वास. सगळं खड्ड्यात पुरलं. तो व्हिडिओ टाकला तर कमेंट काय? "धुऊन, उकडून घालायचा होता." अहो, बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही! धुऊन बुरशी निघते, दाण्यात मुरलेलं विष तिथंच राहतं. कोंबडीचं यकृत त्यानेच बिघडतं.

म्हणून पुन्हा सांगते, दिसायला वाळला म्हणजे वाळला नाही. दाण्याची साल आधी सुकते, ओल आत दडते. साठवायला ओल 13 टक्क्यांच्या खाली हवी. दाढेखाली दाणा धरा. कट्ट करून फुटला तर ठीक, दबला तर परत उन्हात. आणि संध्याकाळी ताडपत्री गुंडाळून आत घ्या हो! दिवसभर वाळवायचं आणि रात्रभर दव प्यायला ठेवायचं, ही कुठली रीत? "रोज कोण उचलणार" म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे उत्तर नाही.

दाढेवर भरवसा नसेल तर मीठ घ्या. कोरडी काचेची बाटली, एक तृतीयांश दाणे, दोन-तीन चमचे खडखडीत कोरडं मीठ. झाकण लावून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं तरी लगेच पिंप उघडू नका, 15 म्हणजे 13 नव्हे. अजून एक-दोन कडक उन्हं द्या.

ही बाटली मी व्हिडिओच्या आधीच हलवून ठेवलीय. यंदाचा मका, सहा दिवस वाळवलेला. जवळून दाखवते... दिसतंय? काचेवर पांढरा थर. चला, आज ताडपत्री परत अंगणात.