हूक कुठे अडकवायचा?

नमस्कार श्रोतेहो.

सध्या नाशिकमध्ये कुठल्याही दिशेला निघा, परांची बांधलेली इमारत दिसतेच. गंगापूर रोडला टॉवर उभे राहताहेत, पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळकडे सोसायट्या चढताहेत, आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आल्याने सरकारी कामांची घाई वेगळीच. या कामांवर पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं आहेत, खानदेश-मराठवाड्यातली आहेत, बिहार-बंगालहून आलेली आहेत. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला दिवसातून कधी ना कधी कठडा नसलेल्या कडेवर उभं राहावं लागतं. मी साइटवर सुरक्षेचं काम पाहतो. त्या कडेबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

पडण्याची गोष्ट निघाली की लोकांच्या डोळ्यांसमोर विसावा मजला येतो. माझा जीव जास्त टांगणीला लागतो तो पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, कारण तिथे कुणालाच भीती वाटत नाही. साधा हिशेब सांगतो. एका मजल्याची उंची तीन मीटर धरा. एवढ्यावरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात खाली येतो, आणि आदळताना त्याचा वेग ताशी २७-२८ किलोमीटर असतो. पाऊण सेकंदात काही धरायला हातही पोचत नाही. आणि खाली माती नसते. सळया असतात, विटांचा ढीग असतो, कॉलमचे बाहेर आलेले स्टार्टर, म्हणजे सळयांची उभी टोकं असतात.

आता बेल्टकडे येऊ. पूर्वीपेक्षा बेल्ट खूप दिसायला लागले, ही चांगली गोष्ट आहे. पण साइटवर गेलात तर एकदा नीट निरखून पाहा. प्लास्टरचा गवंडी परांचीवर उभा आहे, हातात थापी आहे, अंगावर हार्नेसचे, म्हणजे मांड्यांपासून खांद्यांपर्यंत बांधायच्या बेल्टचे पट्टे आहेत, पाठीत कडी आहे, कडीला दोर आहे. आणि त्या दोराचा हूक? तो त्याच्याच कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला असतो, पायात येऊ नये म्हणून. किंवा शेजारच्या आडव्या बांबूला, जो बांबू स्वतःच काथ्याने बांधलेला आहे. खिडकीच्या ग्रिलला आणि पावसाच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपला अडकवलेले हूकही मी पाहिलेत. असा माणूस बेल्ट घालूनही मोकळाच उभा असतो. वर त्याला आणि आपल्यालाही तो सुरक्षित आहे असं वाटत राहतं, म्हणून हे जास्त घातक.

हूक लावायचा तो इमारतीच्या पक्क्या अंगाला: कॉलमला, बीमला, नाहीतर दोन कॉलममध्ये ताणून बांधलेल्या वायररोपला. हा आधार दोन टनांच्या आसपासचा झटका सोसेल असा हवा. ऐंशी किलोच्या माणसासाठी दोन टन कशाला, असं मुकादम विचारतात. पडतं अंग अचानक थांबलं की झटका वजनाच्या कितीतरी पट बसतो. म्हणूनच चांगल्या दोरात झटका शोषणारी गुंडाळी शिवलेली असते. ती टराटरा उसवत जाते आणि अंगावर येणारा जोर सहा किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण सहाशे किलोच्या आत ठेवते. हा जोर मांड्या, कंबर, छाती आणि खांदे यांनी वाटून घ्यायचा असतो. कमरेला एकच पट्टा असलेला जुना बेल्ट तो सगळा जोर पोटावर आणि मणक्यावर टाकतो. असा बेल्ट साइटवर असेल तर तो कापून टाका, म्हणजे दुसरा कुणी घालणार नाही. नवा घेताना आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलाय का ते बघा, आणि मांडीचे पट्टे सैल सोडू नका. बसता-उठताना काचतात म्हणून पुष्कळ जण ते लोंबते ठेवतात. पडल्यावर अशा हार्नेसमधून माणूस खाली निसटू शकतो.

इथे एक गोष्ट सावकाश ऐका, कारण ती साइट इंजिनियरसुद्धा विसरतात. दोर पावणेदोन-दोन मीटरचा असतो. गुंडाळी उसवली की आणखी सव्वा-दीड मीटर जातो. पाठीतल्या कडीपासून पायांपर्यंत दीड मीटर. शिवाय थोडी जागा हाताशी हवी. म्हणजे पायाजवळ हूक लावला तर खाली सहा-सात मीटर मोकळं पाहिजे, तेव्हा माणूस हवेत थांबतो. पहिल्या स्लॅबवर एवढी जागाच नसते. तिथे दोर काम सुरू करायच्या आत माणूस जमिनीवर आलेला असतो. म्हणून हूक डोक्याच्या वर, दोर आखूड, आणि मुळात बेल्टवर भिस्त ठेवण्याआधी कडेला कठडा. कमरेच्या वर एक आडवा पाइप, गुडघ्याजवळ दुसरा, आणि फळीच्या कडेला वीतभर पट्टी, म्हणजे विटेचा तुकडा खाली चाललेल्याच्या डोक्यात पडत नाही. कठडा एकदा बांधला की तिथे येणाऱ्या प्रत्येकाला वाचवतो. बेल्ट घालायला कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

आणि भोकं. लिफ्टचा खड्डा, प्लंबिंगचा डक्ट, स्लॅबमध्ये सोडलेला कटआउट. यावर बहुतेक ठिकाणी प्लायचा तुकडा टाकून ठेवतात, नुसता टाकून. मग काय होतं पाहा. सेंट्रिंगवाल्या, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणाऱ्या पोराला प्लाय हवा असतो. समोर पडलेला तुकडा तो दोन्ही हातांनी उचलतो, छातीशी उभा धरतो आणि पुढे पाऊल टाकतो. प्लायमुळे त्याला पुढचं दिसत नाही, आणि पुढे तेच भोक असतं जे त्यानेच आत्ता उघडं केलं. देशोदेशीच्या बांधकामांवर असे अपघात झालेत. इलाज इतका स्वस्त आहे की राग येतो: प्लाय चारही बाजूंनी खिळ्यांनी ठोका, वर लाल रंगात 'खाली खड्डा' लिहा, शेजारी फुली मारा, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. लिफ्टच्या दाराला छातीएवढी जाळी पक्की बसवा. त्याहून चांगलं म्हणजे स्लॅब भरतानाच डक्टमधल्या सळया न कापता तशाच जाऊ द्या. पाइप टाकायच्या दिवशी लागतील तेवढ्याच कापा.

जिना तर कुणाच्या यादीतच नसतो. डोक्यावर घमेलं घेऊन चढणाऱ्या बाईला पायाखालचं बघायला मान वाकवता येत नाही. एका हाताने घमेलं, दुसऱ्या हाताने पदर. अशा जिन्याला कठडा नसेल तर ती केवळ सवयीवर चढते. बिल्डरची कायमची रेलिंग दोन वर्षांनी येईल. तोवर दोन बांबू आणि चार क्लॅम्प लावायला एक दुपार पुरते.

सातपूर आणि अंबडच्या कारखानदारांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. पावसाआधी शेडचे सिमेंटचे पत्रे दुरुस्त करायला माणसं वर जातात. हा पत्रा माणसाचं वजन धरेल असं समजू नका. जुना झाला की तो ठिसूळ होतो, आणि मध्ये उजेडासाठी टाकलेले फायबरचे पत्रे धुळीने इतके मळलेले असतात की वरून ओळखू येत नाहीत. पाय पडला की थेट आतल्या मशिनवर. अशा छपरावर सरळ चालायचं नाही. कैच्यांवर, म्हणजे पत्र्याखालच्या सांगाड्यावर टेकतील अशा लांब रुंद फळ्या टाकायच्या, खाली जाळी बांधायची, आणि जमत असेल तर खालूनच काम करायचं. आपला कायमचा कामगार नाही, रोजंदारीवर बोलावलेला आहे, म्हणून जबाबदारी टळत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या श्रोत्यांनो, तुम्हीही यात आहात. दिवाळीआधी सोसायटी रंगवायला काढता, तेव्हा दोरावर फळी बांधून रंगारी उतरतो. त्याला दोन दोर हवेत: एक बसायचा, दुसरा फक्त जीव वाचवायचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधलेले. दोर पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या धारेवरून जातो तिथे खाली जाड गोणपाट घाला, नाहीतर घासून घासून तुटतो. कोटेशन मागवताना या दोन गोष्टी लिहून घ्या आणि काम सुरू होताना सेक्रेटरींनी गच्चीवर जाऊन बघा. नवीन इमारत बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: शेवटचा स्लॅब भरताना गच्चीच्या बीममध्ये इंजिनियरच्या हिशेबाने पक्क्या लोखंडी कड्या सोडा. पुढे जितक्या वेळा ती इमारत रंगवली जाईल, गळती काढली जाईल, तितक्या वेळा त्या कड्या कुणाचा तरी जीव धरून ठेवतील.

कामगार बेल्ट घालत नाहीत, ऐकत नाहीत, असं ठेकेदार म्हणतात. मी कामगारांची बाजू घेतो. काम उक्तं असतं, जेवढे फूट प्लास्टर तेवढे पैसे. दर दोन पावलांवर हूक काढायचा आणि लावायचा, तर त्याची अर्धी कमाई जाते. एप्रिल-मेच्या उन्हात पट्ट्यांखाली अंग सोलून निघतं. तुम्ही वायररोप ताणून द्या, हूक त्यावरून सरकत जाईल. दोन दोरांचा हार्नेस द्या, एक काढताना दुसरा लावलेला राहील. आणि बेल्ट लावायला लागणारा वेळ दरात धरा. मग ऐकत नाहीत असं कुणी सांगितलं तर मी मान्य करीन.

एवढं करूनही कुणी पडला आणि दोराला लटकला, तर टाळ्या वाजवून चालत नाही. लटकलेल्या अंगात मांडीचे पट्टे आवळतात, पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याने पाय हलवत राहायचं, आणि बाकीच्यांनी त्याला लवकरात लवकर खाली घ्यायचं. त्यासाठी शिडी किंवा दोर कुठे आहे हे आधी ठरलेलं हवं. तो हार्नेस पुन्हा वापरायचा नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाला मात्र हातापायांना धरून रिक्षात टाकू नका, मणका दुखावलेला असू शकतो. मान हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा.

शेवटी कामगार दादा-ताईंसाठी कामाची माहिती. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला एक टक्का उपकर बांधकामाच्या खर्चावर घेतला जातो, आणि त्यातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालतं. वय १८ ते ६० असेल आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर नोंदणी होते. कामावर अपघाती मृत्यू झाला तर नोंदीत कामगाराच्या वारसाला पाच लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट आणि हार्नेसही येतो. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देत नसेल तर अडून बसू नका. शहरात असाल तर महापालिकेकडे जा, गावाकडे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे. आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि फोटो बरोबर घ्या, आणि नोंदणीचं नूतनीकरण दरवर्षी वेळेत करा.

नमस्कार.