बगॅसची वीज आणि उसाचा दर

मंडळी, जैवभारापासून वीज म्हटलं की आपल्याकडे लगेच पर्यावरणावर भाषण सुरू होतं. मी आज फक्त पैशाबद्दल बोलणार आहे, आणि तेही साखर कारखान्यापुरतं.

कारखान्याच्या गव्हाणीत टनभर ऊस पडला, की शेवटच्या मिलमधून पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, निघतो. दिसायला कोरडा भुसा, पण निम्मं वजन पाण्याचं. पूर्वी ही एक कटकटच होती. हाच चोथा जाळून वाफ करणारे बॉयलर २१ नाहीतर ३२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचे. कारखान्यापुरती वाफ आणि वीज मिळाली की काम भागलं. उरलेला साठवायला यार्डात जागा नाही, त्यात ठिणगी पडली तर अख्खा ढीग पेटणार. म्हणून मुद्दाम जास्त जाळून संपवायचे. आता ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आलेत. बगॅस तोच, पण टनभर उसामागे शंभरच्या आसपास युनिट वीज निघते. लागेल तेवढी कारखाना वापरतो, बाकीची विकतो. महाराष्ट्रात अशा प्रकल्पांची क्षमता अडीच हजार मेगावॉटच्या पुढे आहे.

कोळशाचा पैसा खाणींकडे जातो, बगॅसचा तालुक्यात राहतो. इंधन उसाच्या ट्रॉलीतूनच आलेलं असतं, त्याला वेगळं भाडं पडत नाही. हंगामही नेमका रब्बीला पाणी द्यायच्या दिवसांत. सौर वीज तीन रुपयांच्या आसपास मिळते, मग ही महाग वीज कशाला, असं विचारतात. रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर एवढंच, की गाळप रात्रपाळीतही चालतं, म्हणून ही वीज ऊन नसतानाही मिळते. (पंपाला दिवसा वीज मागणारा शेतकरी यावर हसेल, हेही खरं.) हंगाम संपल्यावर बॉयलरसाठी पाचट (उसाची वाळलेली पानं) गोळा करून जाळा, ही सूचना मात्र मला पटत नाही. पाचट रानातच कुजू द्या. जमिनीचा कर्ब विकून वीज करण्यात कसला आलाय फायदा?

आता ऊस ज्याचा, त्याला काय मिळतं ते बघू. केंद्र सरकारनं नेमलेल्या रंगराजन समितीनं २०१२ साली सूत्र सुचवलं: साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) यांच्या एकत्रित उत्पन्नातले ७० टक्के ऊस उत्पादकाला. महाराष्ट्रानं २०१३ मध्ये तसा कायदा केला. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, ही झाली खालची मर्यादा. सूत्रानं जास्त निघालं तर वरचा फरक द्यायचा. पण या सूत्रात बगॅसची किंमत धरतात, विजेची नाही. वीज पुढच्या प्रक्रियेतली, त्यासाठी कर्ज आम्ही काढलं, हप्ते आम्ही फेडतो, असं कारखाने म्हणतात. यात तथ्य आहे. ११० किलोचा बॉयलर फुकट येत नाही.

पण कारखाना आपलाच बगॅस आपल्याच वीज प्रकल्पाला देतो, तेव्हा त्याचा दर कोण ठरवतं? हा दर जितका कमी दाखवाल, तितका नफा सूत्राच्या बाहेर, विजेच्या खात्यात सरकतो. बाजारभाव ठाऊक नाही असंही नाही. कागद कारखाने बगॅस विकत घेतात. तेव्हा सभासदांनो, कारखान्याचा वार्षिक अहवाल हातात आला की साखरेच्या आकड्यांवर थांबू नका. बगॅसची ओळ शोधा, किती टन आणि कोणत्या दरानं जमा धरला ते पाहा, आणि त्याच हंगामात बाहेर काय भावानं विकला गेला ते वार्षिक सभेत विचारा. फक्त ‘मंजूर, मंजूर’ सुरू व्हायच्या आत विचारा.